दाट म्हणजे जाड नव्हे

मला अठरा दात होते. आता सतरा आहेत. मित्रांनो, मी रोह्यातला एक जुना शिसवी कंगवा आहे, आणि माझा तो एक दात ज्या दिवशी गेला, त्या दिवसाचा धक्का माझ्या लाकडातून अजून पुरता उतरलेला नाही. पण एकदम त्या दिवसावर उडी मारली तर तुम्हाला काही कळायचं नाही. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म ताजुद्दीन सुतारांच्या हातून झाला. दारं-खिडक्या करणारा माणूस, कंगवा हे काही त्यांचं काम नव्हे. पण त्यांची मुलगी बिल्किस तेव्हा सात वर्षांची होती आणि तिचे केस असे कुरळे होते की प्लॅस्टिकचे कंगवे त्यात मोडून जात. रोज सकाळी शाळेच्या आधी घरात रडारड. एकदा एका दाराच्या चौकटीतून शिसवाचा हातभर तुकडा उरला. ताजुद्दीनांनी तो बाजूला ठेवला आणि सलग चार संध्याकाळी बसून, बारीक करवतीने माझा एकेक दात कापला. दोन दातांमध्ये करंगळीचं टोक जाईल एवढी जागा ठेवली. मग काचपेपर. प्रत्येक दात घासून झाला की त्याचं टोक ते स्वतःच्या गालावरून फिरवून बघत. जरा जरी टोचलं तरी पुन्हा घासत.

"पोरीच्या डोक्याला ओरखडा उठता कामा नये," एवढंच ते म्हणायचे.

शेवटी त्यांनी मला आठ दिवस तिळाच्या तेलात बुडवून ठेवलं. नवव्या दिवशी मी पहिल्यांदा बिल्किसच्या ओल्या केसांतून फिरलो. खालच्या टोकापासून, थोडं थोडं वर. ती रडली नाही. उलट, "झालं पण?" असं तिने विचारलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

बिल्किस मोठी झाली. पेणला एका पार्लरमध्ये राहून काम शिकली आणि रोह्याच्या बाजाराजवळ तिने स्वतःचं पार्लर काढलं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, आरशाखाली एक फळी. त्या फळीवर मी. खुर्चीत बाई बसली की बिल्किस कैची, क्रीम कशालाच आधी हात लावत नसे. ती डोक्यावरचा एकच केस अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून हळूच फिरवायची. बोटांना काही जाणवलंच नाही तर केस बारीक. दोरा धरल्यासारखं वाटलं तर जाड. मग केस ओले करून, ते आपोआप कुठे वळतात ते बघायची. मग विचारायची, "काल धुतलेत की आज? घरी काय काय लावता? खरं सांगा हां, मी रागवत नाही."

बँकेतल्या नम्रताबाई एकदा रडवेल्या होऊन आल्या होत्या. मोबाइलवर जाहिरात बघून त्यांनी महागाचं सीरम आणलं होतं आणि ते लावल्यापासून त्यांचे केस तेलात बुडवल्यासारखे डोक्याला चिकटून बसत होते. बिल्किस हसली. "वस्तू वाईट नाही हो, तुमच्यासाठी नाही. तुमचे केस सरळ आणि बारीक, त्यात डोकं तेलकट. हे कोरड्या, जाड केसांचं औषध." तिने त्यांना फेसासारखं हलकं मूस दिलं. तेही मुळाशी लावायला, ओल्या केसांत, लिंबाएवढं. नम्रताबाईंचे केस फुलले आणि त्याही.

असं सगळं छान चाललं होतं. मग केस सरळ करायची इस्त्री आली, गोल ब्रश आले, गरम हवेची यंत्रं आली. बायकांना सरळ केस हवे झाले. सरळ केसांना रुंद दातांचा कंगवा कशाला? एक दिवस फळी पुसताना बिल्किसने मला खणात ठेवलं, आणि मी खणातच राहिलो. माझ्याशेजारी तुटक्या पिना होत्या, टिकल्यांचं एक संपलेलं पाकीट होतं. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. पण खण पूर्ण बंद होत नसे. फटीतून मला खुर्ची दिसायची, आणि ऐकू तर सगळंच यायचं.

त्या फटीतूनच मी तो क्रीम विकणारा एजंट पाहिला. खांद्याला मोठी बॅग, हसरा चेहरा. त्याने टेबलावर एक पांढरा डबा ठेवला.

"ताई, कुरळ्या, दाट, जाड केसांसाठी खास ताकदीची क्रीम. चाळीस मिनिटं ठेवायची, धुवायची, इस्त्री फिरवायची. पाण्यासारखे सरळ होतात. अलिबागपासून महाडपर्यंत सगळे हेच वापरतात."

"एका बटेवर करून बघायला लागेल," बिल्किस म्हणाली.

"बघा की! पण गरज नाही, ताई. दाट केस दिसले की लावायची."

बिल्किसने दोन डबे ठेवून घेतले. बटेवर करून बघायचं राहून गेलं. लग्नसराई सुरू झाली होती.

आणि मग तो एप्रिलमधला शनिवार आला.

सकाळपासून पार्लरमध्ये एका नवरीचं चाललं होतं. नवरी, तिच्या दोन मावश्या, गजऱ्यांच्या पुड्या, पिना, घाई. त्या गडबडीत एक वीस वर्षांची मुलगी दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरून ओढणी घट्ट गुंडाळलेली. तिचं नाव किमया. पेणच्या पलीकडच्या एका खाडीकाठच्या गावाहून दोन गाड्या बदलून ती रोह्याला आली होती. ओढणी काढली तेव्हा खणातून मीसुद्धा बघत राहिलो. केवढे केस! खांद्यांच्या खालपर्यंत वेटोळी.

"ताई, मला हे सरळ करून पायजेत. एकदम सरळ."

"का गं? छान आहेत की."

"छान कसले! सोमवारी पेणजवळ रामवाडीला जायचंय मला, गाड्यांच्या शोरूममधे. काउंटरवर बसायची नोकरी हाय. सायब बोलले, सगळं ठीक हाय, फक्त केस बसवून ये. हे असं झाड घेऊन काउंटरवर नाय चालायचं."

"मग पेणला नाही का केलंस?"

"पेणला सगळे माझ्या आयला ओळखतात. आयला नाय सांगितलेलं."

बिल्किसच्या दातांत तेव्हा दोन पिना होत्या आणि हातात नवरीचा अंबाडा. तिथूनच तिने विचारलं, "घरी आधी काही लावलंस का केसांना?"

"नाय," किमया म्हणाली. फार पटकन म्हणाली. मला ते खटकलं. बिल्किसला खटकलं नाही, कारण नेमकी त्याच वेळी नवरीची मावशी "वेळ झाला, वेळ झाला" करत होती.

तिने किमयाला दुसऱ्या खुर्चीत बसवलं. तिच्या दाट केसांकडे एकदा पाहिलं. डबा उघडला. मी वाट बघत होतो की आता ती एक केस बोटांत धरील, आता धरील. तिने धरला नाही. पार्लरच्या एवढ्या वर्षांत मी हे पहिल्यांदा पाहत होतो आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मुळाजवळची दोन बोटं सोडून तिने सगळ्या केसांना क्रीम चोपडली, घड्याळ लावलं आणि ती नवरीकडे वळली.

चाळीस मिनिटांनी घड्याळ वाजलं. बिल्किसने किमयाचे केस धुतले आणि खण उघडला. ओल्या केसांना रुंद कंगवा हवा, हे तिला आठवलं होतं. किती महिन्यांनी तिचा हात मला लागला! मी इतका हरखलो की क्षणभर बाकी सगळं विसरलो.

तिने मला किमयाच्या डोक्यावर टेकवलं आणि खाली ओढलं. मी सर्रकन खाली आलो. कुठेही अडलो नाही. मला वाटलं, वा! आणि मग माझ्या लक्षात आलं की मी एकटा खाली आलेलो नाही. सगळी बट माझ्याबरोबर आली होती.

गळलेला केस मी ओळखतो, मित्रांनो. रोज चार-दोन माझ्या दातांत अडकतातच. त्याच्या टोकाला मूळ असतं. हे तसं नव्हतं. हे केस मधेच तुटले होते, भिजलेल्या शेवया तुटाव्यात तसे. बिल्किसने मला पुन्हा फिरवलं, या वेळी खालून, अगदी हळू. पुन्हा वीतभर बट. ती बट धरायला तिने घाईने दुसरा हात पुढे केला. मी तिच्या बोटांतून निसटलो, फरशीवर आपटलो आणि माझा एक दात मोडून खुर्चीखाली गेला. मला दुखलं की नाही ते आठवत नाही. मी खालून वर बघत होतो. फरशीवर माझ्याभोवती केसच केस पडत होते.

"ताई, काय झालं? तुमी थांबल्या का?" किमयाने विचारलं आणि हात डोक्याकडे नेला. हात खाली आला तेव्हा मुठीत केस होते. ती ओरडली नाही. ती नुसती त्या मुठीकडे बघत राहिली, जणू ती मूठ दुसऱ्या कुणाची होती. नवरीने आरशात ते पाहिलं आणि तोंडावर हात दाबला. मावश्यांची घाई जागच्या जागी थांबली.

"या अल्ला," बिल्किस पुटपुटली. तिने किमयाचं डोकं पुन्हा पाण्याखाली धरलं आणि किती तरी वेळ ती नुसतं पाणी सोडत राहिली.

नवरीला कसंबसं तयार करून पाठवल्यावर तिने एजंटला फोन लावला. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता, त्यामुळे त्याचा आवाज किमयाला आणि मलाही ऐकू येत होता.

"घाबरू नका, ताई. पोरीने घरी काहीतरी लावलेलं असणार. तिला विचारा. कबूल झाली की विषय संपला. तिची चूक, तुम्ही मोकळ्या."

किमयाने मान खाली घातली. "मी खोटं बोलले, ताई. पेणच्या बाजारातून सरळ करायची क्रीम आणली होती. पंधरा दिवसांत दोनदा लावली. मुळाशी आग व्हायची म्हणून खालीच लावली. काय सरळ झाले नाय, नुसते खरखरीत झाले. तुमी नाय बोलाल करायला, म्हनून सांगितलं नाय."

बघा, मित्रांनो. बिल्किससमोर दार उघडं होतं. आणि मी तुम्हाला माझी लाज सांगतो. तिने त्या दारातून निघून जावं, असं मला वाटलं. एवढ्या वर्षांचं तिचं नाव होतं. 'तूच खोटं बोललीस' म्हणायचं, की झालं. मी असा विचार करू शकतो हे कळून मीच हादरलो.

बिल्किसने फरशीवरचा एक केस उचलला. अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली.

"बारीक आहे," ती म्हणाली. "रेशमासारखा बारीक. दाट आहेत, जाड नाहीत. डोक्यावर केस खूप, पण एकेक केस नाजूक. ही क्रीम याच्यासाठी नव्हतीच. तू काही लावलं नसतंस तरी मी ही लावायला नको होती. एकदा बोटांत धरला असता तर मला कळलं असतं."

फोनवर एजंट अजून काहीतरी बोलत होता. तिने तो बंद केला, पार्लरला कुलूप लावलं आणि मला पिशवीत टाकलं.

आधी ती किमयाला घेऊन पेणला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी भिंग लावून डोकं तपासलं. दोन ठिकाणी लाल चट्टे होते, पण मुळं शाबूत होती. "केस येतील," ते म्हणाले. "महिन्याला बोटाच्या अर्ध्या पेराएवढे. तोवर मलमाशिवाय काही लावायचं नाही." बाहेर आल्यावर किमया म्हणाली, "आता मी जाते, ताई. आयला मीच सांगेन." बिल्किसने ऐकलं नाही. ती तिच्यासोबत रिक्षात बसली.

किमयाची आई मालू मिठागरावर काम करते. आम्ही पोचलो तेव्हा ती नुकतीच परतली होती आणि अंगणात पायांवर पाणी घेत होती. घोट्यापर्यंत मिठाचा पांढरा थर होता. शेजारची हौसा पायरीवर बसली होती. मालूने लेकीला पाहिलं, मग परक्या बाईला पाहिलं.

"काय गो, काय झाला? आनि ही कोन?"

किमयाने ओढणी आणखी घट्ट धरली. मालू जवळ आली आणि तिनेच ओढणी ओढली.

मी पिशवीच्या तोंडातून तिचा चेहरा पाहिला. तिच्या हातातला तांब्या पडला. हौसा उठून उभी राहिली. कुठे वीतभर, कुठे बोटभर, कुठे नुसते खुंट, असं ते डोकं. मालूने दोन्ही हात त्यावर ठेवले आणि लगेच काढून घेतले, भाजल्यासारखे.

"मी बिल्किस," बिल्किस म्हणाली. "रोह्याला माझं पार्लर आहे. हे माझ्या हातून झालंय."

"आय, मीच तिला खोटं..." किमयाने सुरुवात केली.

"तू थांब, बेटा. विचारायचं काम माझं होतं, बघायचं काम माझं होतं."

मग मालूचा आवाज फुटला. "माझे पोरीला भादरून आनलीस व्हय गो! वीस वर्सं वाढवले मी ते केस. आनि तू तोंड घेऊन इथवर आलीस?" ती आणखी बरंच बोलली. आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली. बिल्किस खाली मान घालून उभी होती. तिने एकदाही "पण" म्हटलं नाही. जायलाही निघाली नाही.

बोलून बोलून मालू दमली आणि पायरीवर बसली. आता ती कोणाशी बोलत होती कोण जाणे.

"मीच बोलायचे तिला. ल्हानपनापास्ना. काय हा जंगल, कोनाच्या वलनावर गेलीस, वाईस तरी सरल केस देवाने द्यायला नको होते काय. शालंत जायची घाई, मी बारीक फनीने वढायची. ही रडायची. मी आनखी वढायची."

किमया तिच्याकडे बघतच राहिली. हे तिने आईच्या तोंडून कधी ऐकलं नसावं. मला तर त्या शिव्यांहून या बोलण्याचाच जास्त धक्का बसला. एवढ्या मोठ्या बाईला असं सगळ्यांसमोर बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं.

थोड्या वेळाने मालूने विचारलं, "येतील काय परत?"

"येतील. मुळं चांगली आहेत. पण आत्ता हे सारखे करायला हवेत. तुम्ही हो म्हणालात तर मी करते. नाही म्हणालात तर जाते."

मालूने मान डोलावली. किमया अंगणात स्टुलावर बसली. बिल्किसने मला बाहेर काढलं. सतरा दातांनिशी मी तिच्या डोक्यावरून फिरलो, आणि माझ्यामागून कैची फिरली. शेवटी दोन बोटं केस उरले. वाऱ्याने ते सुकले तसे ते हळूहळू वळायला लागले. लहान बाळाच्या जावळासारखी इवली इवली वेटोळी.

सोमवारी किमया तसंच डोकं घेऊन रामवाडीला गेली. मालू कामावर न जाता तिच्यासोबत गेली. पुढच्या खेपेला किमयानेच आम्हाला ते सांगितलं. साहेब म्हणाले, "अरे, हे काय करून आलीस?" ती म्हणाली, "तुमीच बोललात, केस बसवून ये. बसवायला गेले, ते तुटले." साहेबांनी कागद मिटला आणि कळवतो म्हणाले. कळवलं काही नाही. हे ऐकताना बिल्किसच्या हातातला ब्रश थांबला होता. "मला बी कुठं जायचं होतं तिकडे," असं किमया म्हणाली, पण तिला जायचं होतं. नोकरी गेली ती गेलीच. गोष्टीत सगळंच भरून निघतं, मित्रांनो, इथे निघालं नाही.

मात्र दर दुसऱ्या रविवारी ती रोह्याला येऊ लागली, आणि बिल्किस तिच्याबरोबर पहिल्यापासून शिकू लागली. पहिले दोन महिने काहीच लावायचं नाही, एवढंच औषध. मग वाटाण्याएवढी हलकी क्रीम, ओल्या केसांत, बोटांनी. एकदा त्यांनी केस बसवायचं मेणासारखं वॅक्स लावून बघितलं, तर किमयाचे बारीक केस पावसात भिजलेल्या कोंबडीसारखे बसले. दोघी पोट धरून हसल्या. त्या अपघातानंतर पार्लरमध्ये ते पहिलं मोकळं हसू. साधं जेल तिला मानवलं. केस ओले असताना लावायचं, सुकेपर्यंत हात लावायचा नाही, सुकल्यावर मुठीत हलकेच चुरगाळायचं, की कडकपणा जातो आणि वेटोळं राहतं. पावसाळ्यात मात्र तेच जेल फसलं. खाडीवरची दमट हवा लागली की केस पिंजल्यासारखे व्हायचे. तेव्हा किमयानेच बाटलीमागची बारीक अक्षरं वाचून शोधलं की त्यात ग्लिसरीन फार आहे आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. "हे उन्हाळ्याचं, ताई. पावसाचं येगळं घेऊ." बिल्किसने कानाला हात लावला. "इतकी वर्षं धंदा करते, मी कधी मागचं वाचलं नाही!"

त्या पहिल्या दिवशीचे तुटलेले केस बिल्किसने फेकले नव्हते. किमयाला विचारून तिने ते एका काचेच्या बरणीत भरले आणि आरशासमोर ठेवले. येणारी प्रत्येक बाई विचारायची आणि बिल्किस प्रत्येकीला खरं सांगायची. ऐकून बायकांचे डोळे विस्फारायचे. दोन-तीन जणी पुन्हा आल्याच नाहीत. गोदूबाई नावाच्या जुन्या गिऱ्हाईक तर म्हणाल्या, "अगं, स्वतःच्या दुकानात स्वतःची चूक कोण मांडून ठेवतं?" तरी बरणी हलली नाही. आणि मी? मी खणातून पुन्हा फळीवर आलो, बरणीच्या शेजारी.

एजंटही एकदा आला. बरणी बघून म्हणाला, "हे काय, ताई? माझ्या मालाची बदनामी?"

"नाही. हे तुमच्या क्रीमचं नाही, माझ्या घाईचं आहे," बिल्किस म्हणाली. "पण डबे परत घेऊन जा. आणि दाट दिसले की लावायची, असं पुन्हा कुणाला सांगू नका. दाट म्हणजे जाड नव्हे."

त्याने डबे बॅगेत भरले. हसला नाही.

पाऊस सरला. तोवर किमयाला रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत काम मिळालं होतं. "तिथं डोक्यावर टोपी घालायची असते," ती सांगायची, "केसांचं कोनाला काय पडलेलं नाय." तिचे केस आता कानाखाली आले होते. एका रविवारी तिच्याबरोबर मालू आली. चपला दाराबाहेर काढून ती आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. रागाने नाही, संकोचाने. बिल्किसने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"बसा, मालूताई."

"मना काय करायचाय? मी कदी असल्या ठिकानी बसलेय काय?"

"नुसतं धुते. बसा."

मालूच्या डोक्यावर घट्ट बुचडा होता. तेल लावून, ओढून, पिनांनी आवळलेला. तो सोडताना बिल्किसने एक केस बोटांत धरला. फिरवला. मग मागे उभ्या असलेल्या किमयाच्या हातात दिला. किमयाने फिरवून बघितला.

"जाड हाय," ती चकित होऊन म्हणाली. "दोऱ्यासारखा. माझ्या उलट."

"आणि कोरडा ठक्क," बिल्किस म्हणाली. "ऊन आणि मीठ. याला तुझं जेल चालायचं नाही."

तिने केस कोमट पाण्याने धुतले, घट्ट क्रीम सढळ हाताने लावली, आणि मला घेतलं. मी टोकांपासून सुरुवात केली. एक गाठ, मग दुसरी. कुठेही ओढायचं नाही. मालू पहिल्यांदा अंग चोरून बसली होती, दुखेल म्हणून. मग तिचे खांदे सैल झाले. मग तिने डोळे मिटले. मी वर वर जात राहिलो. बिल्किसने तिला वाऱ्याच्या बाजूला बसवलं आणि तिघी सुरभीच्या बारशाच्या गप्पा मारत बसल्या. सुरभी म्हणजे हौसाची नवी नात.

गप्पा मारता मारता किमया एकदम थांबली. "आय," ती म्हणाली. "आय, तुझे केस बघ."

मालूने आरशात पाहिलं. सुकत आलेले तिचे केस वळत होते. कपाळावर, कानांमागे, मानेवर मोठाली, काळी-पांढरी वेटोळी उलगडत होती. मालू उठून आरशाजवळ गेली. तिने एक वेटोळं ओढून सरळ केलं आणि सोडलं. ते परत जागेवर जाऊन बसलं. तिने पुन्हा ओढलं, पुन्हा सोडलं.

"म्हंजे ही माझेच वलनावर गेली," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकू येईल न येईल एवढाच होता. "आनि मी सगल्यांना इचारत फिरायची, कोनावर गेली म्हनून."

किमया तिच्या मागे येऊन उभी राहिली. बिल्किसने खुर्चीवरचा टॉवेल उगाचच घडी केला आणि पुन्हा उलगडला. मालूचा हात सवयीने पदराकडे गेला, डोक्यावर घ्यायला. मधेच थांबला. तिने पदर खांद्यावरच राहू दिला आणि तशीच, मोकळ्या केसांनी, ती लेकीबरोबर बाजारातून एसटी स्टँडकडे चालत गेली. दोघींच्या पाठी दिसेनाशा होईपर्यंत बिल्किस दारात उभी होती.

मित्रांनो, मी लाकडाचा एक तुकडा आहे. मला फार कळतं असं नाही. तुम्ही मोठे व्हाल, जेल आणाल, क्रीम आणाल, कोणाचे तरी चमकणारे केस बघून तुम्हालाही तसेच हवेसे वाटतील. आणा जरूर. पण डब्याला हात लावायच्या आधी आपला एक केस बोटांत धरून बघा, बारीक आहे की जाड, कोरडा आहे की तेलकट. एका बटेवर लावून दोन दिवस थांबा. कोणी विचारलं तर आधी काय लावलं होतं ते खरं सांगा. आणि कधी धाकट्या बहिणीचे केस विंचरायला बसलात, तर गाठ खालून सोडवा, आणि तिच्या केसांना नावं ठेवू नका. तिची पाठ तुमच्याकडे असते खरी, पण ती सगळं ऐकत असते.